बाबांच्या तोंडी उरलेला फॅक्स

बाबा पहिल्यांदा बोलले ते आयसीयूतून वॉर्डात आणल्यावर. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, उजवी बाजू लुळी पडली होती आणि बोलणं पार बंद होतं. मी, धाकटा भाऊ आणि आई खाटेभोवती उभे होतो. आई त्यांच्या कपाळावरून हात फिरवत होती. भाऊ पुण्याहून तडक आलेला. तो त्यांच्या कानाशी वाकून "बाबा, मी कोण सांगा बरं" असं बालवाडीतल्या मुलाला विचारावं तसं विचारत होता. बाबांनी डोळे उघडले, छताकडे बघितलं आणि अगदी खणखणीत आवाजात म्हणाले, "टोन द्या."

काय म्हणाले याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. बोलले, एवढंच पुरे होतं. आमचा जीव भांड्यात पडला. आईनं हात जोडले, भाऊ नर्सला बोलवायला धावला. नर्स आली तेव्हा बाबांनी तिलाही तेच सांगितलं. तिनं विचारलं, काय द्यायचंय यांना? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. भाऊ म्हणाला, गाणं हवं असेल. आई म्हणाली, यांनी जन्मात कधी गाणं ऐकलं नाही. नर्सनं तोवर सलाईन तपासून घेतली, कारण काही कळलं नाही की नर्स सलाईन तपासतात.

मला मात्र तो आवाज ओळखीचा वाटला. आधी शब्द आठवले नाहीत, आवाज आठवला. बाबांचे आवाज दोन होते. घरातला आवाज खालच्या पट्टीतला, जरा चिडका आणि अर्ध्यावर सोडून दिलेला. दुसरा ऑफिसातला, टेलिफोनवरचा, प्रत्येक शब्द सुटा आणि मोठ्यानं. हा दुसरा होता. मग सगळं एकदम आठवलं आणि मी बोलून गेले, अगं आई, हे फॅक्स करतायत.

बाबा निवृत्त होईपर्यंत नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डिस्पॅचला होते. गाड्यांचे सुटे भाग तिथं बनत आणि पुण्याकडच्या कंपन्यांना जात. कोणत्या तारखेला कोणता माल किती हवा हे फॅक्सवर यायचं, आणि ट्रक निघाला की मालाच्या चलानाची प्रत फॅक्सवर जायची. ते मशीन बाबांच्या टेबलावर असे. त्याला निळ्या रेक्झिनचं झाकण होतं, ते आईनंच शिवून दिलेलं. सुट्टीत कधीमधी बाबा मला ऑफिसात न्यायचे, तेव्हा मी स्टुलावर बसून तासन्‌तास ते मशीन बघायची. दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला बाबांना खपत नसे.

ज्यांनी फॅक्स बघितलेला नाही त्यांना हे खरं वाटणार नाही, पण फॅक्स करायला आधी माणूस लागायचा. फोन आणि फॅक्स एकाच लाइनवर. तुम्ही नंबर फिरवला की पलीकडे कुणीतरी उचलून हॅलो म्हणे. त्याला सांगायचं, फॅक्स आहे, टोन द्या. तो त्याच्या मशीनचं स्टार्ट दाबायचा, मग कानात कर्कश शिटी यायची, की आपण आपलं स्टार्ट दाबून रिसीव्हर खाली ठेवायचा. कागद मशीनमध्ये पालथा घालायचा. कागद सरकत असताना कुणी आतल्या केबिनमधला पॅरलल फोन उचलला, की लाइन तुटलीच. मग बाबा ओरडायचे, "पॅरलल ठेवा खाली." पानं गेली की मशीनमधून एक चिठ्ठी निघायची, तिच्यावर ओके असायचं, तो ओके रिपोर्ट. तरीही बाबा परत फोन लावून विचारत, किती पानं आली, वाचता येतंय का. आणि त्यांच्याकडे आलेलं वाचता येत नसेल तर ते पलीकडच्याला सांगत, "पुसट आलंय, पुन्हा पाठवा." दिवसभर हेच चाललेलं असे. दुसरं पान अर्धंच आलं. रोल संपलाय, थांबा जरा. ऑटोवर ठेवा, मॅन्युअलवर कशाला ठेवलंय. मला ती सगळी वाक्यं पाठ झाली होती आणि घरी आल्यावर मी भावाशी फॅक्स-फॅक्स खेळायची. तो पलीकडचा. त्यानं शिटी वाजवायची.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी दोनदा ऐकलं आणि दोन्ही वेळा मला वेगळं कळलं. मेंदूच्या डाव्या बाजूला बोलण्याची जागा असते, तिथलाच रक्तपुरवठा बंद पडला होता. मनात आलेली गोष्ट शब्दांत घालता येत नाही, याला अ‍ॅफेजिया म्हणतात. पण हजारो वेळा म्हटलेली वाक्यं कधीकधी दुसरीकडे कुठेतरी शाबूत राहतात आणि ती आपोआप बाहेर पडतात. कुणी शिव्या देतं, कुणी पाढे म्हणतं, कुणी देवाचं म्हणतं. आमच्याकडे फॅक्स निघाला. मी विचारलं, म्हणजे त्यांना फॅक्स करायचाय असं वाटतंय का? डॉक्टर म्हणाले, नाही. मग त्यांना काही म्हणायचंय आणि त्याऐवजी हे निघतंय का? ते म्हणाले, असेलही. मग काही म्हणायचंच नाही आणि नुसतंच निघतंय असं असू शकतं का? ते म्हणाले, तेही असेल. मी शाळेत विज्ञान शिकवते. असल्या उत्तराला मी मुलांना अर्धाही मार्क देत नाही.

घरी आणल्यावर खरी तारांबळ सुरू झाली. बाबांना उचलायला, आंघोळ घालायला पेठ तालुक्याकडचे एक मामा कामाला ठेवले. पन्नाशीचे, काटक, गावाकडे भातशेती आणि नाचणी करणारे, आणि एरवी नाशकात मिळेल ते काम करणारे. बाबा "टोन द्या" म्हणाले की मामा "देतो, बाबा" म्हणायचे आणि पाणी पाजायचे. बाबा दिवसभर टोन मागत, मामा दिवसभर पाणी पाजत, आणि गादी भिजे. मी त्यांना म्हटलं, दर वेळी पाणी का देता? ते म्हणाले, "मला काय कळं नाय, ताई. काय तरी द्या म्हणतात तं मी आपला पाणी देतो." मी स्वतः तोवर त्यांना चष्मा, पेपर, उशी आणि रिमोट देऊन बघितला होता.

भावाला वाटलं, ही सांकेतिक भाषा आहे आणि ती फक्त सोडवायची आहे. तो कॉम्प्युटरवाला, त्याला सगळं सोडवायचंच असतं. त्यानं पुण्याहून व्हिडिओ कॉल लावून लावून नोंद ठेवली आणि घरच्या ग्रुपवर टाकलं, की टोन द्या म्हणजे काहीतरी हवंय, लाइन बिझी आहे म्हणजे एकटं सोडा, रोल संपला म्हणजे बाथरूम. आणि गंमत अशी, की दोन दिवस ते जमलं. रोल संपला म्हणाले, मामांनी भांडं दिलं, आणि काम झालं. भावाचा आनंद गगनात मावेना. तिसऱ्या दिवशी बाबा सकाळपासून "रोल संपलाय, थांबा" म्हणत राहिले आणि मामा भांडं घेऊन नुसते उभे. शेवटी बाबा चिडले, त्यांनी डाव्या हातानं भांडं उडवलं. भाऊ म्हणाला, तुम्ही लोक नीट बघत नाही. मी फोन ठेवून दिला.

पण कधीकधी असं काही जुळून यायचं की अंगावर काटा यावा. एकदा आत्या आणि तिच्या दोन सुना बघायला आल्या होत्या. खोलीत सगळ्या एकदम बोलत होत्या. कुणी म्हणतं तेलानं मालिश करा, कुणी म्हणतं वणीच्या देवीला नवस बोला, तिसरी बाबांच्या तोंडाशी जाऊन मोठमोठ्यानं विचारत होती, मामंजी, ओळखलंत का, जणू काही कानच गेलेत. बाबा एकदम कडाडले, "पॅरलल ठेवा खाली." सगळ्या चिडीचूप. मला वाटलं, बघा, कळतंय यांना, अगदी बरोबर तेच म्हणाले. मी कौतुकानं हे स्पीच थेरपिस्टला सांगितलं. गंगापूर रोडला तिचं क्लिनिक, वयानं माझ्या विद्यार्थिनीसारखी. ती म्हणाली, असं जुळवू नका, मॅडम, दहादा बोलले तर एकदा जुळणारच. त्याच संध्याकाळी बाबा रिकाम्या भिंतीकडे बघून तेच वाक्य तितक्याच रागानं म्हणाले. मग मी जुळवणं सोडलं. सोडलं म्हणजे, सोडायचं ठरवलं.

आईचं वेगळंच चाललं होतं. ती आधी फार उत्साहात होती. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका आजोबांनाही असाच झटका आला होता, आणि ते रोज संध्याकाळी बसल्या बसल्या अख्खी आरती म्हणत, एक अक्षर न चुकता. त्यांची बायको हे जिन्यात सर्वांना सांगे. आईला वाटलं, आपल्याकडेही होईल. तिनं देवाजवळ बाबांची खुर्ची लावली, समोर बसून रोजचं स्तोत्र म्हटलं, टाळ वाजवला. बाबा शांतपणे ऐकत राहिले आणि संपल्यावर म्हणाले, किती पानं आली? आई माझ्याकडे बघून कसंनुसं हसली. बाबा कधी देवाजवळ बसलेच नव्हते, मग आत कुठून येणार. पण हे तिला कोण सांगणार.

मग थेरपिस्टनं एक नवीन टूम काढली. ती म्हणाली, घरातला एखादा रोजचा शब्द घेऊन सराव करू. आजोबा आजींना काय हाक मारायचे? मी आईकडे बघितलं. आईनं बराच विचार केला. पदर सारखा केला. म्हणाली, "काही नाही मारायचे." आणि ते खरं होतं. बाबांनी आईला कधी नावानं हाक मारली नाही. त्यांच्या पिढीत बऱ्याच जणांनी मारली नसेल, पण बाकीचे अगं तरी म्हणत, ऐकलं का तरी म्हणत. बाबा घसा खाकरायचे. आई स्वयंपाकघरातून काय म्हणून विचारायची, मग ते काय ते सांगायचे. थेरपिस्टनं वहीत काहीतरी लिहायला पेन उघडलं होतं, ते तिनं परत बंद केलं. क्लिनिकमधून परतताना रिक्षात आई एकदाही माझ्याकडे वळली नाही.

बाबांच्या वाढदिवसाला तिनं पुरणपोळी केली. दुधात कुस्करून, मऊ करून, वर तुपाची धार धरून ती स्वतः भरवायला बसली. भाऊ व्हिडिओ कॉलवर होता. मी मोबाइल धरून उभी होते, मामा उशी धरून. पहिला घास गिळल्यावर आईनं विचारलं, कशी झालीय? बाबांनी तिच्याकडे, अगदी तिच्याच डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "पुसट आलंय, पुन्हा पाठवा."

भाऊ हसला, मी हसले, मामाही हसले. काय करणार, हसूच आलं. आईनं वाटी खाली ठेवली. ती उठून बाल्कनीत गेली आणि मी मागून गेले तेव्हा म्हणाली, "अख्खा जन्म यांच्या मागे काढला. आणि उरलं काय, तर कंपनी. माझ्यासाठी एक शब्द ठेवला नाही या माणसानं." मी तिला मेंदू समजावायला लागले. डावी बाजू, आपोआप येणारी वाक्यं, ते काही मुद्दाम करत नाहीत, त्यांच्या हातात नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मेंदूनं निवडूनच ठेवलं ना." डॉक्टरांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, असेलही.

त्या दिवसापासून आईनं अबोला धरला. ज्याला बोलताच येत नाही अशा माणसाशी अबोला धरणारी माझी आई जगात एकटीच असेल. कामात कसूर नाही. औषधं वेळेवर, कपडे बदलणं, केस विंचरणं, नखं काढणं, सगळं तीच करायची, पण तोंडातून शब्द नाही. आणि बोलायची वेळ आलीच तर माझ्यामार्फत. बाबा हातभर अंतरावर पडलेले आणि ही मला म्हणायची, "तुझ्या बाबांना सांग, गोळी घ्यायची आहे." मी शाळेत असले तर मामांमार्फत. मामा बिचारे चक्रावून गेले. ते म्हणाले, "आजी, बाबा तं हितंच हायेत. त्यांना ऐकू जातंय." आई म्हणाली, तरी तुम्ही सांगा.

मला मात्र यात नवीन काही नव्हतं. आमच्या लहानपणी आईबाबांचे अबोले ठरलेले असत. कारण कधी कळायचं नाही. एक दिवस सकाळी उठावं तर घर गप्प आणि आई स्वयंपाकघरातून मला म्हणणार, तुझ्या बाबांना सांग, पाणी काढलंय. बाबा हॉलमध्येच बसलेले, त्यांनी ऐकलेलं असे. पण ऐकलं नाही असं दाखवायचं, पेपर तोंडासमोर धरायचा. मी दारात येऊन सांगितल्यावरच ते ऐकलं असं धरायचं. मग ते म्हणायचे, आईला सांग, येतो. आणि आईनं तेही ऐकलेलं असूनही ती माझी वाट बघत उभी. एखादं वाक्य फार कडू असलं तर मी मधल्यामधे त्यातलं थोडं गाळायची. दोघांनाही खरं वाक्य ऐकू आलेलं असायचं, तरी माझं गाळलेलंच खरं धरलं जायचं. भाऊ लहान म्हणून त्याला यातून सूट होती. मला हा खेळ अजिबात आवडत नसे आणि मी मोठी होऊन लग्न करून सासरी गेले त्याचा एक मोठा आनंद हा होता, की सांगासांगी सुटली.

थेरपिस्टला अबोल्याचं कळलं तेव्हा ती माझ्यावरच रागावली. त्यांच्याशी सतत बोलायला हवं, आणि घरातलं मुख्य माणूस गप्प बसलं तर आजोबा उरलंसुरलंही गमावतील, असं म्हणाली. मला धास्ती बसली. मी आईला हातापाया पडून सांगितलं. ती ऐकेना. मला बाबांची दया येत होती आणि आईचाही राग येत नव्हता, मग राग सगळा मामांवर निघायचा, आणि तेवढ्यात मामाही आवणीला म्हणून गावी निघून गेले. भाताची लावणी झाल्यावर येतो म्हणाले. शाळेतून मी तडक सातपूरला आईकडे यायची आणि माझ्या घरी नवरा आणि मुलगी डबा मागवून जेवायचे.

अशाच एका रविवारी दुपारी आई आतून म्हणाली, "त्यांना विचार, भात वाढू की खिचडी टाकू." मी बाबांची चादर नीट करत होते. विचार न करता, लहानपणच्या सवयीनं, मी मान वळवून म्हटलं, बाबा, आई विचारतेय, भात की खिचडी?

बाबा चिडून म्हणाले, "आईला सांग."

हा घरातला आवाज होता. खालच्या पट्टीतला, कंटाळलेला, अर्ध्यावर सोडलेला. माझ्या हातातली चादर तशीच राहिली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मी म्हटलं, काय सांगू, बाबा? त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याशी काहीतरी आलं, आणि मग नुसती हवा. मी परत विचारलं. त्यांनी डावा हात गादीवर आपटला आणि तोंड फिरवलं. मी आत जाऊन आईला म्हटलं, ते म्हणाले, आईला सांग. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. म्हणाली, काय सांग? मी म्हटलं, पुढचं आलं नाही.

भावाला कळवलं तर त्याला व्हिडिओ हवा होता. थेरपिस्ट म्हणाली, हेही तसंच आपोआप आलेलं वाक्य असणार, त्यातून अर्थ काढू नका. मला तिचं पटलं. अबोल्यातलं वाक्यही बाबांनी शेकडो वेळा म्हटलेलंच होतं, त्यात आणि पुसट आलंयमध्ये फरक काय? पण मग हे फक्त आईचा निरोप मी सांगितल्यावरच का यायचं? एरवी दिवसभर टोन आणि रोल आणि लाइन, आणि मी "आई विचारतेय" म्हटलं की "आईला सांग". त्यानंतर तोंड उघडं, ओठ हलतायत, आणि काही नाही. त्या उघड्या तोंडाकडे मला बघवायचं नाही. आत काही अडकलंय की आत काहीच नाही, हे कुणी सांगावं.

आई बदलली. अबोला सोडला नाही तिनं, उलट निरोप वाढले. विचार, पंखा बारीक करू का. विचार, मोरीतला दिवा लावलाच राहू दे का. विचार, कोथिंबीर महाग झालीय, आणू की नको. ज्या माणसानं आयुष्यात कोथिंबिरीची जुडी हातात धरली नाही, त्याला ती कोथिंबिरीचं विचारत होती. मी विचारायची. बाबा म्हणायचे, आईला सांग. आणि दारामागे तिची साडी दिसायची. ती ते दोन शब्द ऐकायला तिथं येऊन उभी राहायची. पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला रडू आलं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी वैताग आला. चाळिशी ओलांडलेली बाई मी, परत पाचवीतली मुलगी होऊन दारात उभी. शेवटी एकदा ती म्हणाली, विचार, खिडकी लावू का, तेव्हा मी म्हटलं, खिडकी लावलेलीच आहे आणि मी काही तुमचं टपाल नाही. तुला ऐकायचंय ना, मग आत जा आणि तूच विचार.

मला वाटलं, रुसेल. तिनं गॅस बंद केला, हात धुतले, पदराला पुसले. मग आत गेली आणि खाटेजवळच्या स्टुलावर टेकली. बाबा तिच्याकडे बघायला लागले. वाढदिवसानंतर ती पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली. म्हणाली, "अहो, काय सांगायचंय? मला सांगा. मी आलेय."

बाबांनी तोंड उघडलं. ओठ हलले. माझ्या ओठांवर शब्द आले होते, भात का, बाबा, दुखतंय का, पाठ दुखतेय का, मी आता काहीतरी सुचवणार एवढ्यात बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि डावा हात उचलून बोटं हलवली. मला कळेना. मी पाणी पुढे केलं. त्यांनी मान फिरवली आणि पुन्हा तशीच बोटं हलवली. मला वाटलं, खिडकी उघडायची असेल, म्हणून खिडकीशी गेले. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला बाहेर जायला सांगतायत."

मी बाहेर आले. आईनं बसल्या जागेवरून हात लांब करून दार ढकललं. मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि खोटं कशाला सांगू, ऐकायचा प्रयत्न केला. बाबांचा आवाज येत होता, खालचा. एखादा तुकडा, मग मोठी शांतता, मग अजून एखादा तुकडा. शब्द कोणते ते कळत नव्हते. आईचा आवाज येत नव्हता. ती मधे बोलत नव्हती, त्यांना शब्द पुरवत नव्हती. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, कुकरचं झाकण माझ्या हातातच होतं.

आई बाहेर आली, बेसिनवर जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं आणि तांदूळ निवडायला घेतले. मी तिच्या शेजारी उभी राहिले. शेवटी मीच विचारलं, काय म्हणाले?

"मला सांगितलंय," ती म्हणाली. "तुला सांग म्हणून नाही सांगितलं."